ऑपरेशनच्या आधीच घरी आलेल्या फिजिओताईला

चि. फिजिओताईस अनेक आशीर्वाद.

पत्रात तुझं नाव नको, असं तू म्हणालीस म्हणून घालत नाही. तुला ओळखणाऱ्यांना कळेलच. जे ओळखत नाहीत त्यांच्यासाठी मी हे उघड लिहिते आहे. गुडघा बदलायचा म्हटलं की सगळे सर्जन कोण, हॉस्पिटल कुठलं, खर्च किती एवढंच विचारतात. आधीचे आठवडे आणि नंतरचे महिने कोण सांभाळणार, हे मला कोणीच विचारलं नव्हतं. ते तू सांभाळलेस.

माझा उजवा गुडघा काही एका दिवसात गेला नाही. पोळी-भाजीचं काम सगळं उभ्यानं, गिरगावच्या चाळीतला तिसरा मजला, उभा लाकडी जिना, आणि घरातलं निम्मं सामान पलंगाखाली नाहीतर मोरीशेजारी, म्हणजे प्रत्येक वेळी उकिडवं बसणं आलं. शेवटी शेवटी मी खाली उतरायचंच टाळत होते. भाजीवाल्याला गॅलरीतून हाक मारायची आणि दोरीला पिशवी बांधून सोडायची. एक्स-रे बघून सर्जन म्हणाले, दोन हाडांमधली कूर्चा संपली आहे, हाडावर हाड घासतंय, गोळ्यांनी आता फार दिवस निघणार नाहीत.

भीती होतीच. आमच्या चाळीत दोन तट पडले. एक म्हणायचा, वाटी बदलली की पाय कायमचा जातो. दुसऱ्या तटातले वाजपेयींचा दाखला द्यायचे. 2000 साली पंतप्रधान असताना त्यांचा डावा गुडघा आपल्या ब्रीच कँडी हॉस्पिटलातच बदलला होता, आणि 2001 मध्ये उजवा. न्यूयॉर्कचे डॉ. चित्तरंजन राणावत त्यासाठी आले होते. ते नाव मला ऐकून माहीत होतं. पण आज जगभर ज्या पद्धतीचा कृत्रिम गुडघा बसवतात, त्याची घडण 1970च्या दशकात ज्यांनी केली त्यांत हे राणावतही होते, हे मला तुझ्याकडून कळलं. आणि ‘वाटी बदलणं’ म्हणतात तसं काही नसतं, हेही तूच समजावलंस. वाटी बहुतेक वेळा आपलीच राहते. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचा वरचा भाग काही मिलिमीटर तासून त्यावर धातूचं आवरण बसवतात, आणि मध्ये खास प्लास्टिकची गादी. तू वहीत चित्र काढून दाखवलंस तेव्हा माझी अर्धी भीती गेली. आख्खा गुडघा कापून काढतात, असंच मी तोवर धरून चालले होते.

पहिल्या दिवशी तू आलीस तेव्हा वाटलं, आता पाय बघशील. तू आधी घर बघितलंस. मोरीचा कठडा किती उंच, उंबरठा कुठे, पलंगावरून उतरताना पाय जमिनीला टेकतात का. मी झोपायची तो पलंग इतका बुटका होता की बसल्यावर गुडघे कमरेच्या वर यायचे. तू सुताराकडून पायांखाली लाकडी ठोकळे घालून घेतलेस. गॅलरीच्या टोकाच्या संडासात तर बसणं शक्यच नव्हतं. कमोडची खुर्ची विकत घेऊ नका, भाड्यानं मिळते, असं सांगून दुकानही तूच दाखवलंस. दारातली पायपुसणी उचलायला लावलीस. मोरीत हात असलेली प्लास्टिकची खुर्ची आणि खाली रबराची चटई. जिन्याला एकाच बाजूला कठडा होता. दुसऱ्या बाजूला पकडायला काहीतरी हवंच, म्हणून तू चाळीच्या कमिटीतल्या काकांशी स्वतः बोललीस. तो दुसरा कठडा आता लागला आहे, आणि तो धरून चढणारी मी एकटी नाही.

मग दात. ऑपरेशन गुडघ्याचं आणि ही मुलगी दाताच्या डॉक्टरकडे का पाठवते आहे, असं ह्यांना वाटलं. तू शांतपणे सांगितलंस की किडलेल्या दातातले, लघवीतले किंवा पायावरच्या जखमेतले जंतू रक्तातून नव्या सांध्यापर्यंत पोचू शकतात, आणि धातूवर एकदा जंतू बसले की ते काढणं महाकठीण. रक्तातली तीन महिन्यांची सरासरी साखर सर्जनांनी सांगितलेल्या मर्यादेत येईपर्यंत तारीख घेऊ नका, हेही तू त्याच दमात सांगितलंस. आमची तारीख त्यामुळे पुढे गेली. घरातले चिडले होते. तू ते बोलणं ऐकून घेतलंस आणि तुझं म्हणणं बदललं नाहीस, यासाठी मी तुझी फार ऋणी आहे.

व्यायामही तेव्हाच सुरू केलेस. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, मांडीचा स्नायू घट्ट करून पाचपर्यंत मोजायचं. पाय सरळ ठेवून वर उचलायचा. टाच गादीवरून घसरत आपल्याकडे ओढायची. वॉकर आधीच आणून त्याच्याबरोबर चालायला शिकवलंस, म्हणजे ऑपरेशननंतर एक गोष्ट तरी नवी नसेल. याचा अर्थ मला हॉस्पिटलात कळला. पाठीतून इंजेक्शन देऊन कमरेखाली भूल दिली, सकाळी ऑपरेशन झालं आणि संध्याकाळी मला उभं केलं. शेजारच्या खाटेवरच्या बाई वॉकर कसा धरायचा तेच शिकत होत्या, आणि मी दारापर्यंत जाऊन आले.

पैशाचं एक लिहिते, कारण ते पुष्कळांना माहीत नसतं. 2017 च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं कृत्रिम गुडघ्याच्या, म्हणजे इम्प्लांटच्या, किमतींना मर्यादा घातली. सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या, कोबाल्ट-क्रोमियम धातूच्या गुडघ्याची किंमत तेव्हा 54,720 रुपये अधिक कर अशी ठरली. त्याआधी त्याची सरासरी छापील किंमत दीड लाखाच्या वर होती. बिलात इम्प्लांटची किंमत वेगळी लिहून मागा आणि त्याचे स्टिकर फाइलमध्ये जपून ठेवा, पुढे कधी लागले तर शोधाशोध नको, असं तू सांगितलं होतंस. ती फाइल लेकानं कपाटात ठेवली आहे.

आता घरी आल्यानंतरचं. ते नीट लिहायला हवं, कारण तुझी खरी किंमत मला तिथे कळली.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखणं वाढेल, असं तू आधीच सांगून ठेवलं होतंस. भुलेचा आणि मांडीत दिलेल्या इंजेक्शनचा अंमल उतरतो आणि पाय आपला होतो, हे तुझे शब्द. तसंच झालं, आणि सांगितलेलं होतं म्हणून घाबरले नाही. दुखायला लागल्यावर गोळी शोधायची नाही, वेळेवर घ्यायची आणि व्यायामाच्या आधी अर्धा-पाऊण तास घ्यायची. गोळ्यांनी पोट धरतं म्हणून पाणी, पपई, इसबगोल. ही लहानसहान वाटणारी माहिती त्या दिवसांत केवढी मोठी असते!

माझ्या नणंदेनं मायेनं गुडघ्याखाली उशी ठेवली होती. पाय जरा वाकलेला राहिला की बरं वाटतं, आणि मला खरंच बरं वाटत होतं. तू आलीस आणि आधी ती उशी काढलीस. टाचेखाली गुंडाळी ठेवलीस, गुडघा अधांतरी. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. तू तिथेच बसून नणंदेला समजावलंस की गुडघा वाकण्याइतकाच सरळ होणंही महत्त्वाचं आहे. या पहिल्या आठवड्यांत तो किंचित वाकलेला राहिला तर आतला व्रण तसाच घट्ट होतो आणि बाई जन्मभर लंगडते. तू तिला दोष दिला नाहीस. उलट टाचेखालची गुंडाळी वेळ लावून ठेवायचं काम तिच्याकडेच दिलंस. ती ते इतक्या निष्ठेनं करायची की मला सुटका नव्हती.

तू तो प्लास्टिकचा कोनमापक लावायचीस आणि आकडा मोठ्यानं म्हणायचीस. टाके काढले त्या सुमारास नव्वद अंशांपर्यंत आलो, त्या दिवशी घरात साखर वाटली. तरी तू कधी जोर करून पाय दाबला नाहीस. सुजलेला गुडघा रागावलेला असतो, त्याला आधी बर्फ द्यायचा, मग विचारायचं, असं म्हणायचीस.

रात्रींबद्दलही सांगते. तिसऱ्या आठवड्यात माझी झोप गेली. दिवसा सगळं ठीक आणि रात्री कुशीवर वळता येईना. कशासाठी हे करून घेतलं, असं वाटून मी रडत बसायची. ते घरच्यांना सांगवत नव्हतं. तुला सांगितलं, तेव्हा तू व्यायामाची वही बंद केलीस आणि म्हणालीस, काकू, हे बऱ्याच जणांना होतं, तुम्ही कमजोर नाही, झोप मोडली की मनही खचतं. मग विचारलंस, संध्याकाळी पाय खाली सोडून किती वेळ बसता? सूज त्यानं वाढत होती. दुपारी आडवं होऊन पाय छातीपेक्षा उंच ठेवायला लावलास, चालणं थोडं थोडं आणि वरचेवर करायला सांगितलंस, आणि कुशीवर झोपताना दोन्ही पायांमध्ये उशी द्यायला शिकवलंस. तरी दोन-तीन महिने झोप अशीच राहील, हेही लपवलं नाहीस. खोटा धीर तू एकदाही दिला नाहीस. त्यामुळे जेव्हा धीर दिलास तेव्हा मी त्यावर विश्वास ठेवू शकले.

आणि तो पोटरीचा दिवस. पोटरी दुखते म्हणून मी सहज बोलले. तू दोन्ही पोटऱ्या हात लावून बघितल्यास, टेपनं मोजल्यास, आणि व्यायाम न घेता लेकाला फोन लावलास: आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात न्या, पायाच्या शिरांची डॉपलर सोनोग्राफी करून घ्या. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली आणि ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं, हे मी नंतर सर्जनांकडून ऐकलं. गुठळी निघाली नाही. दुसऱ्या दिवशी तू येऊन ‘बरं झालं’ एवढंच म्हणालीस आणि पुन्हा घोटे वर-खाली करायला लावलेस. ज्यांच्या घरी कोणाचं ऑपरेशन झालं आहे त्यांनी हे जरूर लक्षात ठेवा: पोटरी दुखून सुजली, छातीत दुखलं, धाप लागली, ताप आला किंवा जखमेतून पाणी येऊ लागलं, तर उद्यावर ढकलू नका.

जिना मात्र मी तुझ्याशिवाय उतरलेच नसते. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. का, तेही सांगितलंस: चढताना पुढचा पाय सगळं वजन उचलतो, उतरताना मागचा पाय वाकून वजन तोलतो, म्हणून दोन्ही वेळेला मेहनतीचं काम चांगल्या पायाकडे. तू माझ्या एक पायरी खाली, तोंड माझ्याकडे करून, हात न लावता उभी. प्रत्येक मजल्यावर शेजारणी दारात आल्या होत्या. खाली पोचल्यावर भाजीवाल्यानं टोपलीतली मेथीची जुडी अशीच हातात दिली.

नंतर वॉकर सुटला, काठी आली, ती डाव्या हातात धरायची हे तू शिकवलंस. आता तीही क्वचितच लागते. माघी गणपतीला मी गिरगावहून मेट्रोनं सिद्धिविनायकाला जाऊन आले. तपासणीच्या चौकटीतून जाताना यंत्र वाजलं, मी गुडघ्याकडे बोट दाखवलं, तिथल्या मुलीनं हसून आत सोडलं. लोकलच्या पायरीचा धीर अजून होत नाही, आणि तूही घाई नको म्हणतेस.

जे परत आलं नाही तेही लिहिते. मांडी घालून बसणं सोडलं आहे. उकिडवं तर नाहीच. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा आहे, कधी आतून टकटक आवाज येतो, संध्याकाळी गुडघा किंचित गरम लागतो. हे सगळं तू आधीच सांगितलं होतंस, म्हणून त्याचं भय नाही. भाद्रपदात आरतीला मी खुर्चीवर बसेन. ते मला थोडं लागतं, खोटं कशाला सांगू. पण मोदक मीच करणार आहे, ओट्याशी उभी राहून, मध्ये मध्ये स्टुलावर बसून.

एक काम आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचे दोन्ही गुडघे गेले आहेत आणि पावसाळ्याआधी ऑपरेशन करायचं घाटतं आहे. त्यांच्या सुनेला मी तुझा नंबर दिला आहे. तारीख ठरायच्या आधीच ये. त्यांची मोरी आमच्यापेक्षा अरुंद आहे आणि पलंग मुळीच नाही, त्या खाली अंथरुणावर झोपतात. पलंग घेतला तर त्याखाली घालायला आमचे लाकडी ठोकळे, आणि मोरीतली चटई मी त्यांच्यासाठी धुऊन ठेवली आहे.

तुझी,
तिसऱ्या मजल्यावरची काकू