जॅझ युगाची गर्दी शनिवारी दुपारी कुठे असे?

महोदय,

1920च्या दशकातल्या, म्हणजे ‘जॅझ युगा’तल्या, अमेरिकेवरचा पुरवणीतला लेख वाचनीय होता, पण आखूड केसांच्या मुली, चार्ल्सटन नाच आणि चोरून चालणारे गुत्ते यांपलीकडे तो गेला नाही. सोबतच्या छायाचित्राखाली ‘रग्बी’ असे छापले आहे. तो खेळ अमेरिकन फुटबॉल आहे. लेखातून निसटलेला विषयही नेमका तोच: शनिवारी दुपारी होणारे कॉलेजांचे फुटबॉल सामने आणि त्यांची स्टेडियमे.

त्या दहा वर्षांत अमेरिकी कॉलेजांतले विद्यार्थी सुमारे 6 लाखांवरून 11 लाखांवर गेले. मात्र स्टेडियमे बांधली गेली ती विद्यार्थ्यांचा पट पाहून नव्हे. ओहायो स्टेट विद्यापीठाने 1922 मध्ये घोड्याच्या नालेच्या आकाराचे, 66 हजार आसनांचे स्टेडियम उभारले, तेव्हा ते कधी भरणारच नाही असे म्हणणारे कमी नव्हते. औपचारिक उद्घाटनाच्या सामन्यालाच गर्दी त्या आकड्यापलीकडे गेली. (सामना यजमान 19-0 असा हरले, ही गोष्ट वेगळी.)

पैसा आणायचे दोन मार्ग होते. पहिला वर्गणीचा. इलिनॉय आणि कॅलिफोर्निया विद्यापीठांनी आपली स्टेडियमे पहिल्या महायुद्धात कामी आलेल्यांच्या स्मरणार्थ बांधली, आणि अशा नावाला ‘नाही’ म्हणायची कोणाची छाती होणार? भर सभेत आकडे घातले जात, भरणा मात्र हप्त्याहप्त्याने. हप्ते थकले की पंचाईत, कारण तोवर काँक्रीट पडायला लागलेले असे.

दुसरा मार्ग मिशिगन विद्यापीठाचे क्रीडासंचालक फील्डिंग योस्ट यांचा, आणि तो अधिक चतुर. त्यांनी 500 डॉलरचे 3,000 रोखे काढले. व्याज 3 टक्के, म्हणजे वर्षाला 15 डॉलर. युद्धकाळात खुद्द सरकारने सव्वाचार टक्क्यांनी रोखे विकले होते, मग हे कोण घेणार? पण रोखा घेणाऱ्याला मैदानाच्या मध्याजवळची तिकिटे विकत घेण्याचा राखीव हक्क मिळणार होता. फुकट तिकीट नव्हे, विकत घेण्याचा हक्क! खरा माल तो होता, व्याज आपले नावापुरते. 1927 मध्ये स्टेडियम उघडले तेव्हा 72 हजार आसने होती. वर तात्पुरते लाकडी बाक टाकून क्षमता 84 हजारांवर नेली. पुढेमागे लाखभर लोक बसवता यावेत म्हणून पाया आधीच भक्कम घेतलेला होता. बहुतेक बांधकाम जमिनीच्या पातळीखाली आहे. त्यामुळे उंच सांगाड्याचा खर्च वाचतो आणि प्रेक्षक वरून आत शिरून खाली उतरत जातात. खोदताना पाणी लागले, तो त्रास वेगळा. गंमत म्हणजे त्याच 1927 साली या विद्यापीठाने आपल्या विद्यार्थ्यांना मोटारी वापरायला बंदी घातली, आणि सामन्याला बाहेरगावची मंडळी मोटारी भरभरून येत होती.

एवढी गर्दी काय बघायला येत होती, तेही थोडे सांगतो. 18 ऑक्टोबर 1924, इलिनॉयविरुद्ध मिशिगन. उकाडा होता म्हणून इलिनॉयचे प्रशिक्षक झुप्के यांनी खेळाडूंना लोकरी मोजे काढायला लावले. उघडे पाय पाहून मिशिगनवाल्यांना संशय आला, की पकड निसटावी म्हणून तेल-बिल चोपडलेय की काय! पाय चाचपून झाले, मग खेळ सुरू. पहिलाच चेंडू इलिनॉयच्या रेड ग्रेंजच्या हाती आला आणि तो 95 यार्ड पळत जाऊन टचडाउन करून आला, म्हणजे चेंडू घेऊन समोरच्या टोकाच्या रेषेपार गेला. त्या काळी ज्याच्यावर गुण चढले त्या संघाला पुन्हा आपणच लाथ मारून चेंडू समोर धाडण्याची मुभा होती. प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच टोकाला कोंडून ठेवणे सुरक्षित मानले जाई, कारण लांब पल्ल्याची धाव क्वचितच साधे. मिशिगनने तेच केले. ग्रेंजने 12 मिनिटांत 4 टचडाउन केले आणि निकाल लागला 39-14.

वर्षभराने, 1925च्या नोव्हेंबरात, कॉलेजचा शेवटचा सामना संपताच हा ग्रेंज शिकागो बेअर्स या व्यावसायिक संघात गेला. प्राध्यापक मंडळी खवळली. पण रोख्यांचे व्याज तिकिटांतून निघणार, तिकिटे जिंकण्यावर खपणार आणि जिंकायला खेळाडू लागणार, हे गणित विद्यापीठांनीच मांडलेले होते. कार्नेगी फाउंडेशन या शिक्षणविषयक संस्थेने ऑक्टोबर 1929 मध्ये अहवाल काढला. तपासलेल्या कॉलेजांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कॉलेजे खेळाडूंना या ना त्या रूपाने पैसे पुरवत होती. कुठे शिष्यवृत्ती, कुठे नावापुरती नोकरी. पण त्याच महिन्यात शेअर बाजार कोसळला आणि वर्तमानपत्रांना दुसरे विषय मिळाले.

लेखमालेचा पुढचा भाग येणार असेल, तर नाचघरांइतकीच जागा या मैदानांनाही द्यावी, आणि छायाचित्राखालची ओळ तेवढी दुरुस्त करावी.

– एक वाचक, नाशिक