काजवे पाहायचे तर दिवे विझवा

संपादक महोदय,

रोहिणी लागल्या की भंडारदऱ्याच्या जलाशयाभोवतालची हिरडा, बेहडा, सादड्याची झाडे काजव्यांनी लखलखू लागतात आणि मृगाची झड बसली की हा खेळ आटोपतो. हातात येतात जेमतेम दोन-तीन आठवडे. त्यातल्या दोन-तीन शनिवारी रात्री मुंबई, पुणे, नाशिकच्या गाड्या एकाच वेळी शेंडी गावातून आत शिरतात. कोंडीचा त्रास माणसांना होतोच, पण त्याहून मोठे नुकसान काजव्यांचे होते.

काजव्याचा प्रकाश म्हणजे जोडीदाराला घातलेली साद. नर ठरावीक लयीत चमकतो, मादी बऱ्याचदा खाली गवतात किंवा झुडपात बसून उत्तर देते. पंख फुटल्यावर काजव्याला आयुष्य उरते ते थोड्याच दिवसांचे. त्या दिवसांत हेडलाइट, मोबाइलची बॅटरी किंवा कॅमेऱ्याचा फ्लॅश मध्ये आला की साद दिसत नाही, जोडी जमत नाही आणि पुढच्या हंगामाची अंडी पडत नाहीत. हॅझर्ड लाइट तर चालू ठेवूच नयेत, तेही लुकलुकणारेच. झाडाखाली गाडी लावणेही वाईट. अळ्या ओल्या पाचोळ्यात गोगलगायी खाऊन वाढतात आणि ती जमीन चाकांखाली दडपली जाते.

यायचेच असेल तर अमावास्येच्या आसपासचा, शक्यतो सोमवार ते गुरुवारमधला दिवस धरा. घोटीमार्गे दुपारीच पोहोचा आणि गावात मुक्काम करा. गाडी तिथेच ठेवून अंधार पडल्यावर स्थानिक वाटाड्यासोबत पायी निघा. बॅटरीवर लाल जिलेटीनचा कागद दुहेरी बांधा, ती पायापुरतीच खाली धरा आणि झाडाजवळ पोहोचलात की बंद करा. डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटे लागतात. बहुतेक लोक पाचव्या मिनिटाला ‘काहीच दिसत नाही’ म्हणत मोबाइल काढतात, आणि तिथेच सगळे बिघडते. फोटो हवा असेल तर कॅमेरा तिपाईवर लावा, शटर जास्त वेळ उघडे ठेवा, फ्लॅश बंद.

मुक्काम केला की दुसरा दिवस हाती लागतो. रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर सकाळी पाहावे. तिथली पुष्करणी पाहायला विसरू नका, तिच्या चारी बाजूंच्या देवकोष्ठांतल्या (भिंतीतल्या कोनाड्यांतल्या) मूर्ती सावकाश पाहण्यासारख्या आहेत. मागे उभ्या असलेल्या रतनगडावर प्रवरा उगम पावते. तिलाच अडवून १९१० ते १९२६ या काळात विल्सन धरण, म्हणजेच भंडारदऱ्याचे धरण, बांधले गेले. गड चढायचा तर उजाडताच निघा आणि माणशी तीन लिटर पाणी घ्या. मे महिन्यात रंधा धबधबा पाहण्याची आशा मात्र धरणातून पाण्याचे आवर्तन सुटले असेल तरच धरावी. साम्रदच्या सांदण दरीत पाऊस सुरू झाल्यावर उतरूच नये. दोन्ही बाजूंना उभे कडे आहेत; वरून लोंढा आला तर बाजूला व्हायला जागा नाही.

हा मुलूख महादेव कोळ्यांचा, इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या राघोजी भांगरे यांचा. त्यांना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. त्यांचे देवगाव याच अकोले तालुक्यात आहे. काजव्यांसाठी येणाऱ्या किती जणांच्या कानावर हे नाव पडते?

वन विभागाला एक विनंती. हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे. काजव्यांच्या दिवसांत संध्याकाळी सातनंतर बाहेरच्या गाड्या शेंडीतच थांबवाव्यात आणि पुढे गावकऱ्यांच्या जीपगाड्या ठरावीक ठिकाणापर्यंतच सोडाव्यात. रतनवाडी, साम्रद, घाटघर, पांजरे, मुरशेत इथल्या तरुणांना वाटाडे म्हणून कामही मिळेल. मृगानंतर निर्णय झाला तर त्याचा यंदा उपयोग नाही. तो रोहिणीआधीच व्हायला हवा.

– एक वाचक, अकोले