मनूस, मुंबईतल्या जेवणाबद्दल

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू म्हणालीस की ऑफिसातून आल्यावर रोज मोबाइलवरूनच काहीतरी मागवतेस आणि पलंगावर बसून खातेस. फोनवर बोलणार होते, पण बाबांनी मध्येच क्रिकेट काढलं आणि विषय राहिला. म्हणून हे पत्र. मी दादरला वाढले, नंतर बरीच वर्षं फोर्टात नोकरी केली; तेव्हा मुंबईत कुठे जेवावं हे सांगायचा हक्क माझा, चिपळुणात बसून सांगत असले तरी.

"सगळ्यात भारी हॉटेल कुठलं?" असं कुणाला विचारत बसू नकोस. मुंबईत प्रत्येक जागेचा एक पदार्थ असतो आणि त्याची एक वेळ असते, ती सांभाळायची. डोसा डब्यात बंद होऊन स्कूटरवरून मुलुंडला पोचेपर्यंत त्याचं धिरडं होतं, मग त्याला कितीही तारे दिलेले असोत.

तुझं ऑफिस कुर्ल्याजवळ, म्हणजे माटुंगा दोन स्टेशनांवर. मात्र स्लो गाडीच पकड, फास्ट माटुंग्याला थांबत नाही. सेंट्रलच्या माटुंगा स्टेशनातून पूर्वेला उतरलीस की समोरच्या मार्केटच्या पहिल्या मजल्यावर रामा नायक यांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, १९४२ सालचं. गल्ल्यावर कूपन घ्यायचं, नंबर येईपर्यंत थांबायचं, आणि केळीच्या पानाचंच जेवण घ्यायचं. वाढपी बादल्या घेऊन फिरत असतात. सांबार नको असेल तर पानावर हात आडवा धर, तोंडाने नको म्हटलेलं त्यांना ऐकू येत नाही. रसम भातावर घेतलीस तरी थोडी वाटीत मागून नुसती पी. सोमवारी बंद असतं, तेवढं लक्षात ठेव.

रविवारी सकाळी लवकर उठवलं तर (उठणार नाहीस, तरी लिहिते) किंग्ज सर्कलला कॅफे मद्रास. १९४० पासून आहे. नऊ वाजल्यानंतर फुटपाथवर ही गर्दी असते. तिथे साधा डोसा मागवू नकोस, तो कुठेही मिळतो. रसम वडा घे, नीर डोसा घे, शेवटी कापी, म्हणजे त्यांची फिल्टर कॉफी.

चुकून फास्ट गाडीत बसलीस तर थेट दादर येईल, तेही वाईट नाही. पश्चिमेला शिवाजी पार्काच्या बाजूला प्रकाश. साबुदाणा वडा गरम आला की लगेच फोडायचा, फोटो काढत बसायचं नाही. वरचं कवच कुरकुरीत आणि आतला साबुदाणा मऊ, ही मजा पाच मिनिटांची असते. डाळिंबी उसळ असली तर तीही घे, तुझ्या खोलीवर कोण वाल सोलणार आहे? सेनाभवनाजवळ आस्वाद आहे. त्यांच्या मिसळीला २०१५ साली लंडनमध्ये बक्षीस मिळालं आणि तेव्हापासून रांग वाढली. मिसळ चांगलीच आहे, पण मी तिथे थालीपीठ खायला जायचे. बक्षीस मिळालेल्या पदार्थाच्या शेजारी काय आहे तेही बघावं माणसानं. कीर्ती कॉलेजच्या वड्याचं तुला ठाऊक असेलच. तिथे तळणीतला बेसनाचा कुरकुरीत चुरा मागून घे.

आता मासे. यात तुला कुणी फसवू नये म्हणून जरा सविस्तर लिहिते. दादरलाच सिंधुदुर्ग, गोमांतक, चैतन्य आहेत. ऑफिसच्या जवळ हवं असेल तर वांद्रे पूर्वेला गांधीनगरपाशी हायवे गोमांतक. पण कुठे जायचं याच्याआधी कॅलेंडर बघ. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ताटात आलेली सुरमई बहुतेक बर्फातली. ती खाऊन "मुंबईचे मासे काही खास नाहीत" असं म्हणणारे पाहुणे मी पुष्कळ पाहिलेत. तेव्हा सुक्या जवळ्याची चटणी मागव, सुके बोंबील मागव, नाहीतर सरळ कोंबडी-वडे. गटारीच्या आठवड्यात तर फिरकूच नकोस, अर्धा तास उभं राहून घाईघाईत जेवावं लागतं. खरी वेळ त्याच्यानंतरची. नारळी पौर्णिमा झाली, बोटी पाण्यात गेल्या, ताजे मासे येऊ लागले, आणि निम्मं दादर अजून श्रावण पाळतंय! टेबल लगेच मिळतं, मासा ताजा असतो, वाढणाऱ्याला तुझ्याशी बोलायला सवड असते. त्याला विचार, "आज काय आलंय?" कार्ड न बघता उत्तर आलं तर तेच मागव. तू श्रावण पाळत नाहीस हे मला माहीत आहे. आजीला हे पत्र वाचून दाखवणार नाही.

फोर्टात आता माझ्या वेळचं किती उरलंय कोण जाणे, पण सीएसएमटीच्या समोर आरामचा वडापाव आहे, आणि पंचम पुरीवाला आहे. पगाराच्या दिवशी बॅलार्ड इस्टेटला ब्रिटानियात जा, दुपारी. १९२३ सालचं पारशी-इराणी हॉटेल. बेरी पुलावावर इराणची झेरेश्क नावाची आंबट बेरी घालतात, ती बाजूला काढून ठेवू नकोस. मालक बोमन कोहिनूर म्हातारपणीही स्वतः टेबलाशी येऊन ऑर्डर घ्यायचे. २०१९ साली गेले.

आणि एकटीनं जायला लाजतेस ना, म्हणून खोलीत खातेस? मला फोनवरच कळलं होतं ते. आमच्या वेळी इराण्याकडे आणि काही उडप्यांकडे "फॅमिली रूम" असायची. बाईमाणूस आत शिरलं की वेटर तिकडे बोट दाखवायचा. आम्ही बँकेतल्या बायका मुद्दाम बाहेर, पंख्याखाली बसायचो. आता तर कुणी वळूनही बघत नाही. गर्दीच्या वेळी समोरच्या खुर्चीवर अनोळखी माणूस येऊन बसेल. दचकू नकोस, बोलायलाही नको. पाण्याचा जग त्याच्याकडे सरकवायचा आणि आपलं जेवायचं.

रोज काही बाहेर जाऊन जमणार नाही, खिशालाही नाही आणि पोटालाही नाही. सोमवार ते शुक्रवार डबा लाव. तुझ्या गल्लीत डबे देणाऱ्या बाई नक्की असतील, खालच्या वाण्याला विचार. गिरणगावात अशाच खानावळवाल्या बायकांनी हजारो गिरणी कामगारांना जेवू घातलं, आणि १९७५ साली प्रेमाताई पुरवांनी त्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. डबा ठरवताना पोळ्या किती ते नंतर विचार, आधी भाजी दोन्ही वेळची वेगळी असते का ते विचार.

पुढच्या महिन्यात बाबा तिकडे येतायत. त्यांना प्रकाशला ने, वडा खाऊ दे. पियुष मात्र देऊ नकोस, साखर वाढलीये त्यांची. "आईला सांगू नको" म्हणतील, ऐकू नकोस.

तुझी,
आई