कानातली नाडी ऐकणाऱ्यांचे आभार

उजव्या कानात नाडीच्या ठोक्याला ठोका लावून ‘हुश्श हुश्श’ चालूच असतं. ऐकण्याची तपासणी नॉर्मल, त्यामुळे ‘मनावर घेऊ नका’ हाच सल्ला! कानामागे स्टेथोस्कोप टेकवून, मानेची शीर हलकेच दाबून ‘आता आवाज थांबला का?’ विचारणाऱ्या त्या डॉक्टरबाईंचे मनापासून आभार. थांबला होता, म्हणजे संशय शिरेवर. एमआर व्हेनोग्राफीत, म्हणजे शिरांच्या एमआरआयमध्ये, मेंदूतलं रक्त परत नेणारी शीर अरुंद दिसली. मशीनमध्ये घाबरल्यावर धीर देणाऱ्या तंत्रज्ञांचेही आभार. (त्या खडखडाटात कानातला आवाज बुडाला, तेवढंच सुख.) मेंदूतला दाब वाढलाय का, यासाठी डोळ्यांचे पडदे तपासले, स्टेंटची (शीर उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळीची) घाई नाही म्हणाले. आवाज आहेच. तो पंख्याच्या आवाजात दबावा म्हणून माझ्यासाठी पंखा चालू ठेवून रात्रभर कुडकुडणाऱ्या घरच्यांचे आभार कसे मानू? जाड पांघरूण आणलंय.