उपग्रहाचे चित्र बांधावरही पोहोचू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी लालबागला राहतो. शेती लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात आहे; ती धाकटा भाऊ कसतो. साडेतीन एकर सोयाबीन. गेल्या खरिपात दोन दिवस उघडीप मिळाली, तेव्हा रात्री मोबाइलवर युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाचे चित्र उघडले. ही चित्रे कुणालाही फुकट पाहता येतात. बाकी रान गर्द हिरवे आणि ओढ्याकडचा कोपरा मात्र फिकट. लगेच फोन केला. सकाळी भाऊ जाऊन आला. म्हणाला, "दादा, बांधावरून काही कळतच नव्हतं. आत शिरलो तर पाय घोट्यापर्यंत रुतला. वाफसाच नाही, नुसता चिखल." त्याच दिवशी चर काढून त्याने पाणी ओढ्याला लावले. कोपऱ्यातले निम्मे पीक सावरले.

या चित्रातला एक ठिपका दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. निरोगी पान लाल प्रकाश शोषून घेते आणि आपल्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश परतवते. त्या फरकावरून पिकाची तब्येत कळते. कारण मात्र कळत नाही. पाणी साचले, नत्र कमी पडले की पिवळा मोझॅक हा रोग आला, हे पाहायला माणसालाच रानात उतरावे लागते. कपाशीत तुरीची ओळ असेल, बांधावर बाभळी असतील, तर ठिपक्यात सगळेच मिसळते.

शिवाय ऐन पावसाळ्यात, जेव्हा गरज सर्वांत जास्त, तेव्हा चित्रात नुसते पांढरे ढग. त्यावर उपाय रडार उपग्रहांचा, कारण त्यांना ढग आड येत नाहीत. इस्रोने फेब्रुवारी २०२२ मध्ये ईओएस-०४ सोडला आणि ३० जुलै २०२५ रोजी नासाबरोबरचा निसार. साधने आपल्या हाती आहेत.

ती वापरलीही जातात. पीकविम्यात भात व गव्हासाठी २०२३ पासून आणि सोयाबीनसाठी २०२४ च्या खरिपापासून उत्पादन ठरवताना पीक कापणी प्रयोगांच्या (निवडक शेतांतले पीक कापून, तोलून काढलेल्या अंदाजाच्या) जोडीला उपग्रहावर आधारलेल्या तंत्रज्ञानाच्या अंदाजालाही किमान ३० टक्के भार देण्याचे धोरण आहे. हे मला मनापासून पटते. मोजक्या ठिकाणच्या कापणीवरून अख्ख्या महसूल मंडळाचा, म्हणजे कितीतरी गावांचा, निवाडा करण्यापेक्षा ते बरे. पण भाऊ आमच्या मंडळाचा आकडा कसा निघाला हे विचारायला गेला, तेव्हा "वरून आला आहे" एवढेच उत्तर मिळाले. ज्याच्या रानाचे चित्र, त्यालाच ते दिसत नाही, हे मला फार लागले.

ई-पीक पाहणी या सरकारी मोबाइल ॲपवर शेतकरी स्वतः गट नंबर निवडून पिकाचा फोटो टाकतो. त्याच गट नंबरवर दर आठवड्याला उपग्रहाचे चित्र मराठीत दिसावे. रान फिकट पडले की सहायक कृषी अधिकाऱ्याला आणि शेतकऱ्याला एकाच वेळी संदेश जावा. आणि विम्याचा आकडा पक्का होण्याआधी मंडळाचा नकाशा गावच्या चावडीवर लागावा, हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळावेत. माझ्या भावाला मुंबईहून फोन करणारा मी आहे. शेजारच्या रानातही त्या दिवशी तसेच पाणी साचले होते. त्यांना कळले ते सोयाबीन पिवळे पडल्यावर.

– एक वाचक, लालबाग, मुंबई