भाऊबीजेचं टेबल

पुणे

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

भाऊबीजेला सगळ्यांना बाणेरला जेवायला बोलावलंस, फार बरं वाटलं. टेबलावर मांडायच्या कापडी फुलांचा फोटोही पाहिला. ती घेऊ नकोस. पैसे वाचतील हे खरंच, पण कार्तिकात आपली मंडई इतकी भरलेली असताना टेबलावर बारमाही फुलं कशाला? तुझ्या पहिल्या भाऊबीजेच्या पंगतीत ही ऋतूची भर दिसायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

मधोमध फुलदाणी नको, फळं ठेव. आजीचं पितळेचं मोठं ताट तुझ्याकडे आहे. त्यात आवळे, हिरव्या चिंचा आणि चार-पाच सीताफळं. पुरंदरची सीताफळं या दिवसांत भरपूर येतात. डोळे उघडलेली, पण हाताला घट्ट लागणारी निवड; पिकलेली मांडलीस तर जेवणाआधीच फुटतील. फळांच्या फटींतून आंब्याची पानं खोच, ती ओल्या फडक्याने पुसून घे म्हणजे तकाकी येते. मांडणी बसकी ठेव, भावंडांना एकमेकांचे चेहरे दिसले पाहिजेत. दोन दिवसांनी सीताफळं पिकली की खा, आवळ्याचं लोणचं घाल. यातलं काहीच वाया जायचं नाही.

फुलं झेंडू आणि शेवंतीचीच. लक्ष्मीपूजनाला आणशील तेव्हाच थोडी जास्त आण. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडलीस तर काळी पडतील, त्यापेक्षा टोपलीत ओलसर फडक्यावर पसरून ठेव. प्रत्येक पानाभोवती त्यांची महिरप कर. पाकळ्या मात्र उधळू नकोस, पंखा लावला की त्या आमटीत जातील. अख्खी फुलं देठ खुडून उपडी ठेवली की जागची हलत नाहीत. बाजारच्या फुलांवर फवारणी असते, म्हणून ती अन्नाला किंवा पिण्याच्या पाण्याला लागू देऊ नकोस. आणि निशिगंध कितीही आवडत असला तरी तो बैठकीच्या खोलीत. जेवताना मसालेभाताचा आणि तुपाचा वास यायला हवा.

जेवायला केळीचीच पानं घे. आच मंद ठेवून त्यावरून पान झरझर फिरव. रंग गडद होतो, पान मऊ पडतं आणि चिरत नाही. मांडताना अग्र जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. इतकं हिरवं पान समोर आल्यावर खाली टेबलक्लॉथही लागत नाही.

तुमच्या सोसायटीत गुलमोहर आहेत ना? खाली पडलेल्या वाळक्या शेंगा वेच, पुसून उभ्या चिरून त्यांचे दोन भाग कर. त्या तपकिरी पन्हळीत शेवंतीची ओळ फार देखणी दिसते. पण त्यांच्याजवळ पणती नको, वाळकं लाकूडच ते. पणत्या वेगळ्या, बाजूच्या कपाटावर लाव. नव्या असतील तर आधी काही तास पाण्यात बुडवून ठेव, नाहीतर माती तेल पिते.

टेकडीवर गेलीस तरी झाडावरचं काही तोडू नकोस, पडलेलंच उचल. झाडावरच्या बिया पाखरांच्या आहेत. कण्हेर कितीही सुंदर दिसली तरी तिची फुलं-पानं टेबलावर येता कामा नयेत, विषारी असते. गुंजाही तशाच, आणि त्या लालचुटुक बिया दिसल्या की दादाचा छोटा पहिल्यांदा तोंडातच घालेल. या दोन गोष्टी जावईबापूंनाही सांगून ठेव, कारण वेचायला तेही येतील.

केळीची पानं किती लागतील ते आजच कळव. बाबा मंडईत जाणार आहेत, ओल्या कापडात गुंडाळून तुझ्याकडे पोचवतील.

तुझी,
आई