जमिनीचे पंचनामे झाले, माणसांना काय हवं ते कोण विचारणार?

मा. मदत व पुनर्वसन मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या, सीना नदीकाठच्या एका गावची. परवा गावात मदतीची यादी लागली. आमच्या घरापुढं ‘अंशतः पडझड’ लिहिलंय. मागची भिंत आणि निम्मं माळवद नदीनं नेलं, ते अंशतः! फेरपंचनामा करू, दिवाळीच्या आत पैसे खात्यावर पडतील, असं पाहणीला आलेले साहेब दारात उभं राहून सांगून गेले होते. दिवाळी उलटली, साहेब फिरकले नाहीत.

पैसे हवेतच. पण त्याआधी मला पुराच्या पहिल्या चार दिवसांचा हिशोब मागायचाय.

सप्टेंबर २०२५च्या त्या पुरात आम्ही शाळेत राहिलो. शेकडो माणसं आणि संडास दोन. एकाला कुलूप, दुसऱ्यात पाणी नाही. अंधार पडेपर्यंत बाहेर जाता येत नव्हतं, म्हणून बायका दिवसभर पाणीच पीत नव्हत्या. ज्यांची पाळी आली त्यांनी काय केलं, ते इथं लिहवत नाही. माझ्या सासूबाईंना शुगर आहे, त्यांचं इन्सुलिन घरातच बुडालं. टेम्पो भरभरून आलं काय, तर जुन्या साड्या आणि बिस्किटं. पाण्यातून येताना सासूबाईंच्या पायाला पत्रा लागला होता. ती जखम चिघळली आणि शेवटी अंगठा काढावा लागला. पहिल्या दिवशी कुणी वही घेऊन शाळेत फिरलं असतं, औषध कुणाला लागतं, गरोदर कोण, तान्हं कुणाचं एवढंच विचारलं असतं, तर इन्सुलिन वेळेत मागवता आलं असतं. ही माहिती आमच्या आशाताईंच्या रजिस्टरमध्ये आधीपासून आहे. त्यांनाही कुणी विचारलं नाही.

विचारलं ते नंतर, आणि काय? सातबारा कुठंय, फार्मर आयडी काढलाय का, केवायसी झाली का. शेजारचं ऊसतोडीला जाणारं कुटुंब भूमिहीन आहे. त्यांच्याकडं कुणी मान वळवूनही पाहिलं नाही.

साहेब, आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५चा आहे. त्याच्या कलम १२मध्ये निवारा, अन्न, पिण्याचं पाणी, औषधोपचार आणि स्वच्छता यांचे किमान निकष ठरवायला सांगितलंय, विधवा आणि अनाथांची वेगळी सोय करायला सांगितलंय. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं निकष ठरवलेही: माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, तीस माणसांमागं एक संडास. आमच्या शाळेत हे मोजायला कोण आलं? संयुक्त राष्ट्रांच्या पद्धतीत पहिल्या ७२ तासांत गरजांचं ढोबळ चित्र उभं करतात आणि दोन आठवड्यांत अहवाल देतात. त्यासाठी घरन्‌घर फिरावं लागत नाही. शितावरून भात कळतो. मोजकी गावं निवडायची, बायकांशी वेगळं बोलायचं, पाणी आणि दवाखाना डोळ्यांनी बघायचा. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक यांच्या पंचनाम्यात यातलं काही बसत नाही. त्यात नुकसान मोजतात. आज रात्री माणूस काय खाणार, हे त्यात लिहायला रकानाच नाही.

आणि हे काही आजचंच नाही. २०१९मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली असताना फुकट धान्यासाठी तो भाग दोन दिवस पाण्यात बुडालेला असण्याची अट निघाली होती. भुकेला दोन दिवस थांबवणारा कागद ज्या टेबलांवरून सह्या होऊन जातो, त्या टेबलांना माणूस दिसतच नाही. तिथं मदतीच्या अटींतला ६५ मिलिमीटर पाऊस दिसतो, ३३ टक्के नुकसान दिसतं, हेक्टर दिसतात. आमच्या पुरानंतर ७ ऑक्टोबर २०२५ला ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार, दुभत्या जनावराला साडेसदतीस हजार. द्या, जरूर द्या, शेतकरी उघडा पडलाय. पण सासूबाईंचा पाय कुठल्या रकान्यात भरू? मंत्र्यांचा दौरा निघाला की अख्खं महसूल खातं गाड्यांच्या ताफ्यामागं पळतं, आणि शाळेत पाण्याचा टँकर आलाय का, हे बघायला एक माणूस उरत नाही. मतं मागायला मात्र घरन्‌घरची यादी तयार असते.

मृगाच्या आधी नदीकाठच्या प्रत्येक गावात आशाताई, अंगणवाडीताई आणि बचत गटातल्या बायकांना हे काम शिकवा. एक पानाचा छापील फॉर्म द्या. पूर आल्यापासून ७२ तासांत तो तहसीलला पोचला पाहिजे आणि त्यावर काय केलं ते गावात लागलं पाहिजे. भूमिहीनांची नावं त्यात सातबारा न मागता घ्या. आमच्या गावात हे काम कुणाकडं दिलं, त्यांची नावं मला लेखी कळवा. आणि फेरपंचनाम्याची तारीखही.

आपली,
सीनाकाठची एक पूरग्रस्त